चार हिरवे पंप

शिरूरच्या ठाण्यात टेबलावर ओळीने मांडलेले ते चार हिरवे पंप मला आजही डोळ्यांसमोर दिसतात. पुढे नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे विसरलो. हे पंप विसरता आले नाहीत.

स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षे झाली होती. मी नवा फौजदार होतो. त्याआधी विद्यार्थी असताना पत्रके लिहिली होती, रात्रंदिवस वाटली होती. 'सरकारी माल हा आता जनतेचा माल आहे, त्याला हात लावणारा देशाचा चोर' हे वाक्य माझ्याच हातचे. अंगावर खाकी चढली तरी ते वाक्य आत तसेच होते. लाच घ्यायची नाही, आरोपीला मारायचे नाही आणि गुन्हा सोडायचा नाही, असे माझे तीन नियम होते. पहिल्या दोहोंचा अभिमान मला आजही आहे.

त्या काळी लष्कराने लढाईतल्या जुन्या जीपगाड्या लिलावात काढल्या होत्या. आमच्या भागात चार-पाच आल्या होत्या. एक शिरूरच्या मिशन दवाखान्याकडे, एक खुटबावच्या ठेकेदाराकडे. जिथे रस्ता नाही तिथे याच गाड्या जात. पण ते मॉडेल बंद झाले होते आणि त्याचे सुटे भाग येईनासे झाले होते. इंजिनात पाणी फिरवणारा पंप फुटला की गाडी झाडाखाली उभी राही आणि तिच्यावर कोंबड्या बसत.

खबर आली दौंडहून. स्टेशनाजवळ चहाचे दुकान चालवणारा एक इसम आमचा खबऱ्या होता. तो एसटीने शिरूरला आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, तुमच्या शिरूरचाच एक म्हातारा लेथवाल्याकडं येतो. गोणपाटात जीपचे पंप असत्यात. नवेकोरे, मिल्ट्रीच्या हिरव्या रंगाचे. आन् वर सरकारी बाण!"

"बाण तू पाहिलास?"

"ह्या डोळ्यांनी. कोंबडीच्या पायावानी तीन रेघा."

ती खूण लष्करी मालावर असते हे मला ठाऊक होते. लष्कराच्या डेपोतून माल फुटतो आहे आणि धागा माझ्या हातात आला आहे, या विचाराने मला जेवण गोड लागले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोन पंच घेऊन म्हाताऱ्याच्या घराची झडती घेतली. म्हातारा जातीचा ओतारी, पितळेच्या घंटा ओतणारा. मेंढरांच्या गळ्यात बांधायच्या घंटांसाठी तालुक्यात त्याचे नाव होते. अंगणात भट्टी, मातीचे साचे, कोपऱ्यात मेणाचा गोळा. चार पंप झाकलेलेही नव्हते. उन्हात रंग वाळत ठेवले होते. ही गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. चोरीचा माल कोणी अंगणात वाळत घालत नाही. मी मात्र पंचनामा लिहीत होतो: हिरवे पंप चार, फुटका जुना पंप एक, साचे सात, मेण, रंगाचा डबा, कुंचला, कानस एक.

ठाण्यात जमादार त्याच्यावर ओरडले, "ए म्हाताऱ्या, डेपोतला कोण माणूस तुझा? नाव सांग!"

म्हातारा शांत होता. "डेपो कुठं हाय त्येबी मला ठावं न्हाई. पंप म्या केल्यात."

"तू केलेस? आन् विमान कवा करतोस?"

सगळे ठाणे हसले. मी जमादारांना बाहेर पाठवले, म्हाताऱ्याला बसायला बाकडे दिले आणि 'तुम्ही' म्हणून विचारले, "आबा, तुम्ही केलेत तर त्यावर सरकारी बाण कुठून आला?"

"नमुन्यावर व्हता. त्यो फुटका पंप दवाखान्याच्या बाईंनी दिला. त्याच्यावर जे जे व्हतं, ते ते केलं."

"बाण म्हणजे काय, माहीत आहे?"

"मालकाची खूण असंल. धनगरांच्या परतेक घराची खूण येगळी असती. कुणाचं त्रिशूळ, कुणाचा चंद्र. जुनी घंटा आणत्यात, म्हनत्यात अशीच पायजे. खूण चुकली तर घंटा तोंडावर फेकत्यात. आता धनगर शेती कराया लागलं, घंटा कोन घेतो? मंग ह्ये पंप धरलं. पर रीत तीच. नमुन्यातलं काई सोडायचं न्हाई. रंगबी हिरवा व्हता, म्हून हिरवा दिला."

मला ते खरे वाटले नाही. इतके सरळ उत्तर पाठ केल्याशिवाय येत नाही, अशी माझी तेव्हा समजूत होती.

त्याच दुपारी दवाखान्याच्या नर्सबाई ठाण्यात आल्या. मिशनच्या शाळेत वाढलेल्या, पन्नाशीच्या, पांढरे पातळ. उभ्या राहूनच बोलल्या.

"फौजदारसाहेब, त्यातला एक पंप आमचा आहे. गाडी तीन आठवडे उभी आहे. नदीपलीकडच्या वाड्यांवरच्या बायका बैलगाडीतून येतात, बाळंतपणात अडलेल्या. गाडी असली की आम्ही जातो."

"बाई, तो मुद्देमाल आहे."

"तो पंप आहे, साहेब."

मी मान हलवली. मुद्देमाल कोर्टाच्या हुकमाशिवाय हलत नाही. नियम बरोबर होता.

एक पंप घेऊन मी पुण्याजवळच्या लष्करी भांडारात गेलो. तिथल्या वयस्क सुभेदारांनी तो हातात तोलला, खिशातून चाकू काढला आणि रंगावर एक ओरखडा ओढला. हिरव्याखाली पिवळे चमकले.

"आमचा पंप बिडाचा. हा पितळेचा," ते म्हणाले. मग हसले. "आणि फौजदारसाहेब, हा पंप आमच्याकडे दोन वर्षांपासून शिल्लकच नाही. चोरी व्हायला माल तरी पाहिजे ना? हा ज्यानं केला त्याला माझ्याकडे पाठवा. आमच्याही गाड्या उभ्या आहेत."

चारही पंप खरवडले. चारही पितळेचे. म्हातारा अक्षरशः खरे बोलत होता. बंद झालेला, कुठल्याच कारखान्यात न होणारा पंप त्याने मेणात घडवला होता, मातीत ओतला होता आणि फक्त भोक नेमके करून घ्यायला दौंडच्या लेथवर नेला होता. आनंद मलाही झाला. मी स्वतः जाऊन सांगितले, "आबा, तुम्ही चोर नाही, हे सिद्ध झाले."

"त्ये मला ठावं व्हतं," तो म्हणाला. "आता पंप द्या. बाई वाट बघत्यात."

इथे प्रकरण संपायला हवे होते. पण मी कायद्याचे पुस्तक उघडले. सरकारी नोकर मालावर जी खूण करतो तिची नक्कल करणे, हा वेगळा गुन्हा. शिक्षा कैदेची. चोरी नाही हे ज्या पुराव्याने सिद्ध झाले, त्याच पुराव्याने हा गुन्हा सिद्ध होत होता. बाण त्याने स्वतः केला होता, आणि तसे तो स्वतःच सांगत होता.

आमचे इन्स्पेक्टर निवृत्तीला आलेले, सबुरीचे गृहस्थ. कागद वाचून त्यांनी चष्मा काढला.

"अहो, समज द्या आणि सोडा."

"समज देण्याचे कलम मला दाखवा, साहेब."

त्यांनी पेन उचलले. "ते पुस्तकात नसतं," एवढेच म्हणाले आणि सही केली. त्या वाक्यात मला तेव्हा फक्त जुन्या खात्याची ढिलाई दिसली.

कोर्टात वकिलाने म्हाताऱ्याला शिकवले होते, नाही म्हणा. मॅजिस्ट्रेटनी विचारले, "हा बाण तुम्ही केलात?"

"व्हय. नमुन्यात व्हता तसाच. बगा की, फरक दिसतो का?"

त्याच्या आवाजात भीती नव्हती. कारागिराचा अभिमान होता. मॅजिस्ट्रेटनी खाली मान घालून निकाल लिहिला. कोर्ट उठेपर्यंत कैद, थोडा दंड, बाकी हत्यारे परत, आणि खोटी खूण असलेला माल व साचे नष्ट करणे. म्हातारा संध्याकाळपर्यंत कोर्टाच्या बाकावर बसला. जाता-येता ओळखीचे लोक बघत होते. त्यातले दोघेतिघे त्याच्या घंटांचे गिऱ्हाईक होते.

माल नष्ट करायचे काम माझ्याकडे आले. पंचांसमक्ष, ठाण्याच्या आवारात, घणाखाली. पितळ लवकर फुटत नाही. ते आधी चेपते, आणि दर घावाला आवाज देते. घंटेच्या जवळचा आवाज. नर्सबाई फाटकाबाहेर उभ्या होत्या.

सगळे झाल्यावर परत करायची हत्यारे मी म्हाताऱ्यासमोर ठेवली. मला वाटले, आता मोठेपणाने चांगला मार्ग दाखवावा. म्हणालो, "आबा, पंप जरूर करा. दवाखान्याला पहिला द्या. फक्त तो बाण तेवढा काढून टाकत जा. मग कायद्याची काही हरकत नाही."

त्याने माझ्याकडे पाहिले. मग हत्यारांतून कानस उचलली आणि अंगठा तिच्या दातांवरून फिरवला.

"एवढंच व्हतं व्हय, साहेब? मंग त्या दिशी अंगणातच सांगायचं. ही कानस तितंच व्हती, बाण तवाच घासून टाकला असता. तुम्हीच लिवून घेतली की."

त्याने पुन्हा पंप केला नाही. घंटाही केल्या नाहीत. "खूण कराया हात धजत न्हाई," असे तो लोकांना सांगे. दवाखान्याची जीप कडुनिंबाखाली उभीच राहिली आणि दोन वर्षांनी भंगारात गेली. ती किती वाड्यांवर गेली नाही, याची नोंद कुठल्याच रजिस्टरला नाही. मी शोध घेतला असता तर मला बैलगाडीतून उशिरा पोहोचलेल्या बायका सापडल्या असत्या. मी तो घेतला नाही. तेवढे धैर्य माझ्यात नव्हते.

अन्यायाविरुद्ध पत्रके लिहिणारा माणूस एका कारागिराचे हात बंद करू शकतो, आणि तेही लाच न घेता, शिवी न देता, प्रत्येक कागद नीट लिहून, हे मी या प्रकरणात शिकलो. माझी तत्त्वे मी आजही टाकलेली नाहीत. पण कायदा चालवताना समोरच्याचे किती नुकसान होते हे बघायची जबाबदारी कायद्यावर ढकलणारा अधिकारी भित्रा असतो, हे मी नव्या फौजदारांना ठणकावून सांगत आलो. इन्स्पेक्टर म्हणाले ते खरे होते. समज देण्याचे कलम पुस्तकात नव्हते. माझ्याच हस्ताक्षरातल्या पंचनाम्यात मात्र, रंगाचा डबा आणि कुंचल्यानंतर, शेवटच्या ओळीत ते लिहिलेले होते: कानस, एक.