डोंगरकड्याच्या मांडवातलं उद्गारचिन्ह

काहीही विचारा, आमचे सर आधी चष्मा कपाळावर सरकवत आणि मग म्हणत, "लागलंच तर बघू की." चहा घेणार का? लागलंच तर. पाऊस येईल का? लागलंच तर. तुम्ही म्हणाल, पाऊस काय यांच्या मर्जीवर होता? पण ते इतक्या शांतपणे म्हणत, की आपणच उगाच आभाळाच्या मागे लागलोय असं वाटे.

वारंगा फाट्यावर पंक्चरच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता आणि शेजारच्या खोलीत माझा टायपिंगचा. दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. सर सेनगावकडच्या एका तांड्यावरचे. पुण्याला इंजिनिअरिंग शिकले आणि एक सीडी घेऊन परत आले. त्या सीडीत प्रोग्राम लिहायची एक भाषा होती. पोरांना चित्रं काढायला आणि गाणी लावायला शिकायचं असे. सर त्यांना ही भाषा शिकवत.

"हिचा स्वभावच आळशी हाये, भाऊ," ते कौतुकानं सांगत. "दोनात तीन मिळव म्हणलं तर मिळवत न्हाई. 'मिळवीन' म्हणून ठेवून देते. उत्तर मागितलं की मगच हात हलवते."

"आन् उत्तर मागितलंच न्हाई तर?"

"मग काहून करावं?"

मी माझ्या टायपिंगच्या पोरांकडे परत गेलो.

लग्नाचंही तसंच झालं. त्यांची याडी, म्हणजे आई, एक मुलगी पाहून आली. मुलगी आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. सर म्हणाले, लागलंच तर बघू. याडीने तो होकार धरला आणि डोंगरकड्याच्या सामुदायिक विवाहात त्यांचं नाव घालून टाकलं.

त्या सोहळ्याच्या अध्यक्षांचं आदल्या वर्षीचं एक दुखणं होतं. फेटा आणि मुंडावळ्या चढल्या की सगळे नवरदेव सारखेच दिसतात. त्यातले दोघे एकमेकांच्या पाटांवर बसले होते, आणि ते कळलं ते ऐन मंगळसूत्राच्या वेळी. म्हणून यंदा कोणता जोडा कोणत्या पाटावर, हे कॉम्प्युटरने सांगायचं ठरलं. "नवरदेवच कॉम्प्युटरवाला हाये, तर बाहेरचा माणूस काहून आणायचा?" अध्यक्ष म्हणाले.

तर मंडळी, चित्र डोळ्यांपुढे आणा. स्टेजशेजारी टेबल, मागे धडधडणारं जनरेटर, आणि अंगाला हळद, डोक्याला फेटा, कपाळाला मुंडावळ्या अशा थाटात कीबोर्डवर बसलेले सर. दारातून माणूस आत आला की मी एक बटण दाबायचो, म्हणजे आचाऱ्याला पानांचा अंदाज मिळणार होता. पाटांची अदलाबदल सकाळपासून चालूच होती. एकाला भावाशेजारी बसायचं होतं. एकाच्या कानाशी भोंगा होता. एका पाटाखाली मुंग्यांचं वारूळ निघालं. सर प्रत्येक बदल टाकत आणि यंत्र निमूटपणे घेत होतं.

"पाहा, किती झटपट हाये!" सर म्हणाले.

मुहूर्त आला. अध्यक्षांनी माईक हातात घेतला. "हां, सर. सांगा आता."

सरांनी बटण दाबलं. पडदा काळा झाला.

"काय झालं?"

"काम करून राहिलाय."

"मग सकाळपासून काय करून राहिला होता?"

"कबूल करून राहिला होता," सर म्हणाले.

खरंच तसंच होतं. मी दाबलेल्या प्रत्येक बटणावर यंत्राने 'मागच्यात एक मिळवीन' एवढंच ठेवून दिलं होतं. पाटांचंही तेच: 'आधीच्या रांगेत हा बदल करीन.' प्रत्येक वचन मागच्या वचनावर चढवलेलं. आता सगळी एकदम पाळायची वेळ आली, तेव्हा ती उतरंड कोसळली. मेमरीतली जागा संपली, असा निरोप देऊन यंत्र बंद पडलं.

तेवढ्यात मागच्या बाजूच्या एका म्हाताऱ्याला वाटलं, लग्न लागलं. त्याने अक्षता टाकल्या. त्याचं पाहून शेजारच्यांनी टाकल्या. मग अख्ख्या मांडवाने टाकल्या, आणि बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. नवरदेव एकीकडे, नवऱ्या दुसरीकडे, पाट सगळे मोकळे, आणि सगळ्यांची लग्नं लागलेली!

"पण कोणाचं कोणाशी लागलं?" गुरुजी रडकुंडीला आले.

अध्यक्ष मटकन खाली बसले. वऱ्हाडांत भांडणं पेटायला लागली. दोन जण जीपकडे निघालेसुद्धा. आणि सर? सर यंत्र पुन्हा चालू करत होते.

तेव्हा हिरव्या शालूतली एक नवरी तरातरा टेबलापाशी आली. "आपला पाट कोन्ता?" तिने सरांना विचारलं.

"विचारून सांगतो," सर पडद्याकडे बघत म्हणाले.

तिने अध्यक्षांच्या हातातला माईक काढून घेतला. "समद्या नवऱ्या पोरींनो, इकडं या. आपापल्या नवरदेवाचं नाव घ्या. जो ओ देईल, त्याला घेऊन पुढच्या मोकळ्या पाटावर बसा. आत्ताच्या आत्ता!"

उखाणा नाही, लाजणं नाही, माईकवरून नवऱ्याचं नाव! बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. पण नाव घेतलं, ओ आली, जोडा बसला. एकाला एक लागून रांग भरत गेली. एका जोड्याला हलावं लागलं, तर तेवढाच हलला; रांग जागची हलली नाही.

सर उठून उभे राहिले. "हेच! हेच पायजे होतं! त्याच रांगेत, आलं की लगेच!" असं ओरडून ते पुन्हा खाली बसले आणि टाइप करायला लागले.

शेवटी तीच राहिली. तिने सरांचं नाव घेतलं. त्या नावाने आम्ही फाट्यावर त्यांना कधीच हाक मारली नव्हती.

"थांबा, उद्गारचिन्ह टाकून राहिलो," सर म्हणाले. "ते टाकलं की ही भाषा आळस करत न्हाई, लगेच हिशोब करते."

तिने पुन्हा नाव घेतलं. यावेळी माईक तोंडाजवळ धरून. जनरेटरसुद्धा दचकलं असेल.

सर गेले. पाटावर बसल्यावर त्यांनी चष्मा काढून तिच्या हातात दिला, कारण फेट्यामुळे तो सारखा घसरत होता. तिने पदराने पुसून परत त्यांच्या डोळ्यांवर चढवला. अंतरपाट धरायच्या आधीच सरांनी तिच्याकडे नीट पाहून घेतलं. मला वाटतं, त्यांनी तिला पाहिलं ते तेव्हाच.

अक्षता संपल्या होत्या. लोकांनी खालच्याच वेचून पुन्हा टाकल्या.

पुढे तिची बदली झाली आणि सर तिच्यासोबत गेले. माडीवर आता मोबाइल दुरुस्त होतात.

एकदाच दिसले, भर उन्हाळ्यात, फाट्यावर. ती स्कूटी चालवत होती. मागे सर, मांडीवर लशींची निळी पेटी दोन्ही हातांनी कवटाळलेली. मी धावत रस्त्यावर गेलो. "सर! थांबा, चहा घेऊ!"

"न्हाई, भाऊ!" सर मागे वळून ओरडले. "बर्फ वितळून राहिला!"