परत आलेले सोडे

माझी आई फटकळ आहे, असं गावात म्हणतात ते तिला घाबरून. फटकळ कसली, दुष्ट आहे. आणि आमचं दुकान तिच्या त्या दुष्टपणावरच उभं राहिलं, हेही लिहायला हवं.

दुकान म्हणजे फोनमधलं. श्रीवर्धनच्या पुढे खाडीच्या तोंडाशी आमचं गाव. आम्ही काही बायका सोडे, सुकट, बोंबील वाळवतो आणि एका ऑनलाइन बाजारात विकतो. दुकान माझ्या नावावर, कारण मला फोन कळतो. माल सगळ्यांचा. पाकिटं माझ्या अंगणात भरायची, म्हसळ्याहून कुरियरची गाडी येते ती घेऊन जाते. सुक्या मासळीला वास येतो म्हणून एक तारा देणारी गिऱ्हाइकंही आहेत. त्यांच्यापुढे काय कपाळ फोडायचं? पण खरी गोष्ट अशी की सोडे म्हणजे कोळंबी सोलून, पाठीतला काळा दोरा काढून, कडक उन्हात वाळवलेली महागडी वस्तू. बाजारात बाई ती हुंगते, चिमटीत मोडून बघते, दोन तोंडात टाकते, मग भाव करते. पुण्यात बसलेली बाई यातलं काय करणार? ती फोटो बघते आणि पैसे आधी भरते.

"ती आपल्याला बगत न्हाय, मंग आपुनच आपल्याला बगायला पायजे," आई पहिल्याच दिवशी म्हणाली. नियम तिनेच घातला. गिऱ्हाइकाकडून परत आलेलं पाकीट तिच्यासमोर ठेवायचं. ते कोणाचं, हे तिला सांगायचं नाही, कारण नाव कळलं की सोयरीक मधे येते. ती हुंगणार, चाखणार आणि निकाल देणार. एकदा ताकीद, दुसऱ्यांदा दुकानातून बाहेर.

पहिली बाहेर गेली ती माझी मावशी, आईची सख्खी धाकटी बहीण. तिने मागच्या वर्षीचे उरलेले सोडे नव्यात मिसळले होते. निकाल झाल्यावर नाव कळलं, तरी आईचं तोंड हललं नाही. मावशीने तिचे पाय धरले. आईने पाय मागे घेतले आणि म्हणाली, "हात धुवून ये, वास येतोय." मावशी आता पनवेलला कोणाच्या तरी घरी स्वयंपाकाला जाते. आमचे तारे मात्र वाढले. मला तेव्हा आईचा अभिमान वाटला होता.

मग आईचे डोळे गेले. गेले म्हणजे मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायची, "माज्या डोळ्याला हात लावील त्याचा हात मोडीन." सोलणं सोडलं नाही. सवयीच्या हाताने भराभर सोलायची, पण दोरा हाताला लागत नाही, तो दिसावा लागतो. तिच्या अंगणात वाऱ्याने रेती उडायची, कोंबड्या फिरायच्या. मी तिचा माल तिच्या नकळत निवडून घ्यायचे. हंगामात हात पुरेना, तेव्हा तो तसाच गेला.

पहिल्या गिऱ्हाइकाने नुसता फोटो पाठवला. मी पैसे परत केले, गप्प बसले. दुसऱ्या वेळी पाकीटच परत आलं, आणि बाजारवाल्यांचा निरोपही आला: अशी आणखी एक तक्रार आली की दुकान बंद. म्हणजे सगळ्यांच्याच चुली. मी त्याच दिवशी आईला सांगायला गेले.

"आये, तुझ्या मालात रेती येते गो."

"तुला दूध पाजलं ते काय रेतीचं व्हतं?" तिने उत्तर दिलं आणि हातातली परात माझ्या अंगावर सरकवली. पुढे ऐकूनच घेईना.

अंगणात बायकांना हे सांगितलं, तर एक म्हणाली, "मग नियमानंच जाऊ दे. तिचाच नियम हाय." कोणी नाही म्हणालं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या माझ्या अंगणात जमल्या. पाकीट आईच्या हातात मी दिलं, ही दुसरी तक्रार म्हणून सांगितलं. तिने नाक लावलं, एक सोडा दातांनी तोडला आणि लगेच बाजूला थुंकली. तिला राग आधी येतो, बाकीचं मागून.

"घान हाय ही," ती म्हणाली. "दोरा तसाच, जिभेला कडू येतोय, रेती कराकरा लागते, आतून वला हाय. जिनं केला ती पोटच्या पोराला घालील काय हे?"

"यंदा माफ करायचं काय, काकी?" जिला आईने हात धरून सोलायला शिकवलं, तीच विचारत होती. "म्हातारी हाय बिचारी."

"म्हातारी हाय तर घरात बसून मरनाची वाट बगावी. लोकांच्या ताटात माती कशाला घालते? तिला या अंगनात उभी करू नका."

"ठरलं मग?"

"ठरलं."

मला तिला थांबवता आलं असतं. थांबवलं नाही, कारण मला तिचा राग आला होता आणि ऐकताना बरं वाटत होतं. मावशीच्या वेळचं, परातीचं, सगळ्या जन्माचंच वसूल होत होतं.

तेवढ्यात कोणीतरी फिसकन हसलं. आईची मान वळली. तिचा हात पुन्हा पाकिटात गेला, आणि या वेळी अंगठा सोड्याच्या शेपटीवर थांबला. आम्ही सगळ्या शेपटी पूर्ण काढतो. टोकाचं साल ठेवणारी गावात ती एकटीच, तिच्या आईने तसं शिकवलं म्हणून. तिने दुसरा सोडा चाचपला, मग तिसरा.

"तुला ठावं व्हतं?" तिने माझ्या बाजूला तोंड करून विचारलं.

"हो."

"निकाल त्यो निकाल," ती म्हणाली, पण उठली नाही. असू दे, म्हणणारी एखादी निघेल म्हणून थांबली होती, हे मला कळत होतं. दुकान माझ्या नावावर होतं. मी म्हटलं असतं तर चाललं असतं. मी फोन हातात घेतला.

मग ती उठली आणि भिंतीला हात लावत फाटकाकडे न जाता उलटीकडे, वाळवणात शिरली. खाली जाळ्यांवर सगळीकडे माल पसरलेला. पहिल्याच पावलाला सोडे चुरले.

"ओ काकी, गिऱ्हाइकाचा माल हाय तो, पाय काढा," आईने शिकवलेली तीच ओरडली.

आईने पाय उचलला. तो कुठे टेकवायचा हे तिला कळेना, म्हणून ती एका पायावर तशीच उभी राहिली, दोन्ही हात पुढे करून. कोणी उठलं नाही. मी मान खाली घालून तिचा माल दुकानातून काढत होते.