अंगठ्याची गोळी

कामाला हात घालण्याआधी तो रंगारी बोटांच्या पेरांनी भिंत ठोकून बघायचा. कुठे पोकळ वाजतंय, कुठे ओल आहे, ते त्याला कानाने कळायचं. म्हणून सगळे त्याला ठोकेमास्तर म्हणत. तीन महिन्यांपूर्वी शिडीवरच छातीत कळ आली, स्टेंट बसला, आणि मास्तर औषधांच्या डब्यासकट घरी आला.

नंतरच्या एका तपासणीत डॉक्टरबाईंनी आणखी एक गोळी वाढवली. पाकीट बघताच थोरला भाऊ म्हणाला, "अरे, ही तर माझ्या अंगठ्याची!"

दादाच्या पायाचा अंगठा अधूनमधून सुजून लालबुंद व्हायचा. चादर लागली तरी दादा ओरडायचा. तेव्हा तो हीच गोळी घ्यायचा.

"बाईंकडून फायलींची अदलाबदल झाली," मास्तरने निकाल दिला आणि पाकीट खणात टाकलं.

आठवड्याने ते बायकोच्या हाती लागलं. "अहो, बाकीच्या पाकिटांना गोळ्या काढून खिडक्या पडल्यात. हे एकच घर बंद कसं?"

मास्तरने कारण सांगितलं.

"मग विचारून या ना!"

"त्यांनी जीव वाचवलाय माझा. त्यांची चूक कुठल्या तोंडाने काढू?"

"पुन्हा शिडीवर कळ आली की मग काढाल?"

दुसऱ्या दिवशी तीच त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

बाई चिडल्या नाहीत. "गोळी तीच आहे. डोस अगदी कमी, पण रोज. तिचं काम सूज उतरवणं."

"मला कुठंय सूज?" मास्तरने चपला काढून दोन्ही पावलं पुढे केली.

"रक्तवाहिनीच्या भिंतीत. चरबीचा थर साचतो तिथे आतून सूज येते. सुजलेला थर फुटला की त्यावर रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद. तुमचं कोलेस्टेरॉल आटोक्यात आलंय, पण सुजेचं रक्तातलं माप अजून वरच आहे. स्टेंट एका जागी बसवला. बाकीची भिंत तशीच आहे."

मास्तरची पेरं नकळत टेबलावर वाजली.

"म्हणजे भिंतीत ओल आहे," तो हळूच म्हणाला, "आणि मी वरून रंग मारून मोकळा झालो होतो."

"तसंच म्हणा. ही गोळी सगळ्यांना चालत नाही. तुमची किडनी तपासूनच दिलीय. जुलाब लागले तर कळवा. दुसरं कुठलंही औषध मला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. आधीच्या गोळ्या चालूच, आणि सिगारेट बंद."

"ती केव्हाच बंद," मास्तर म्हणाला. बायकोने छताकडे पाहिलं.

"आजपासून बंद," त्याने दुरुस्ती केली.

घरी येऊन त्याने पाकिटाची पहिली खिडकी फोडली. दारातून दादाने विचारलं, "काय रे, अंगठा कसा आहे?"

"आतून सुजलाय," मास्तर म्हणाला, आणि त्याने पाणी मागितलं.