मेथी लावावी की द्राक्षं

लग्न होऊन मी ओझरजवळच्या द्राक्षबागेत आले, तेव्हा नाशिक शहरातली, अकरावी पास, स्वतःला फार शहाणी समजत होते. सासूबाईंनी विहिरीपाशी एक वेल घरच्यासाठी राखला होता. त्याला औषध मारायचं नाही, ही आमच्या बागेची पद्धत. घड बारके, मणी एक इकडे, एक तिकडे. मी चारचौघांत बोलले, "लोकांना चांगला माल आणि आपल्याला हा?"

"लोकांचा बघायचा हाय सूनबाई, आपला खायचा," सासूबाई म्हणाल्या.

पण ऐकते कोण! मी बागेतला टपोरा घड तोडायची, पदराला पुसून खायची. मण्यांवरचे फवाऱ्याचे पांढरे डाग म्हणजे आतून वर आलेली साखर, हे माझं संशोधन.

म्हातारपणी बाग पुतण्याला देऊन आम्ही दोघं नाशिकला मुलाकडे आलो. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात ह्यांचं पोटाचं दुखणं निघालं. फवारलेलं शक्यतो नको, जमेल तेवढं घरी पिकवा, असं डॉक्टर ह्यांच्यासमोर म्हणाले. पुढचा पावसाळा कठीण आहे, हे मला बाहेर बोलावून सांगितलं.

काय लावायचं ते ठरवायला ऑक्टोबरच्या उन्हात आम्ही गच्चीवर बसलो. ज्यावर बाजारात जास्त फवारा, ते आधी घरी, असं ह्यांचं गणित.

"फ्लॉवर?"

"जागा खातो. मेथी लावू."

"वांगी?"

"किडतात. कोथिंबीर लावू, पालक लावू."

"मग कोपऱ्यात ड्रम ठेवून द्राक्षाचा वेल."

"इथं ऊन कुठंय तेवढं?" मी म्हणाले. डोक्यावर छत्री धरून!

हे हसले नाहीत. जन्मभर छाटण्या केलेला माणूस. मेथी महिन्यात ताटात येते आणि वेल दोन वर्षांनी फळ धरतो, हे ह्यांना मी काय सांगणार?

"अगं, लवकर येणारंच तेवढं निवडतेस," ते हळूच म्हणाले.

मी छत्रीची दांडी बघत बसले.

"बरं, मेथी लाव. पण विहिरीपाशच्या वेलाची काडीही मागव. तुला होईल."

काडी आली. ह्यांनीच खुर्चीत बसून ड्रममध्ये लावली. मेथी दोनदा झाली. दुसऱ्या खेपेची भाजी ह्यांनी स्वतः निवडली, खाल्ली मात्र दोन घास. तिसऱ्या खेपेची मेथी कुणी खुडलीच नाही. ती फुलावर गेली, मग वाळली.

यंदा वेलाला पहिला घड आला, तसाच बारका.

"आजी, असली द्राक्षं कोण विकत घेईल?" नात म्हणाली. बोलणं थेट माझं, फक्त हिची अकरावी अजून व्हायचीय.

मी घड तोडला आणि सवयीनं पदराला पुसला. पुसायला त्यावर काही नव्हतंच. पुसतच राहिले. तोंडात घालवेना.