जबड्याखालचा हात

छत्तीस-सदतीस साल असेल. माझं दुसरं बाळंतपण होऊन पाच-सहा महिने झाले होते आणि उजवीकडच्या खालच्या अक्कलदाढेनं मला पुरतं दमवलं होतं. दाढ धड वर येत नव्हती की धड आत राहत नव्हती. ती आडवी पडून पुढच्या दाढेला ढुशा देते आहे, हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा मला एवढंच कळायचं की हिरडी सुजते, घास चावता येत नाही, मग सूज उतरते, आणि जरा बरं वाटतंय म्हणेपर्यंत पुन्हा तेच.

आमचं घर नाशकात तांबट आळीत. पुढच्या खोलीत मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, भांडी घडवायचं काम चाले आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहत असू. सकाळचा चहा झाला की ठोके सुरू होत, ते दिवेलागणीपर्यंत. हंडे, घागरी, बंब. लग्न होऊन आले तेव्हा सुरुवातीला माझं डोकं उठायचं, मग सवय झाली. आळीबाहेर गेलं तरी मी मोठ्यानं बोलते म्हणून माहेरचे हसायचे. दाढ दुखायला लागल्यावर मात्र एकेक ठोका जबड्यात उतरू लागला. मांडीवर बाळ, पाठीला थोरली लोंबकळलेली, चुलीवर भाकरी, आणि एका हातानं मी गाल दाबून धरलेला. ठोके थांबवा असं सांगणार कुणाला? त्या ठोक्यांवरच घर चाललं होतं. बाजारात जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, स्वस्त भांडी आल्यापासून काम पूर्वीसारखं राहिलं नव्हतं, त्यामुळे ठोके ऐकू येताहेत याचंच सगळ्यांना बरं वाटायचं.

आमचे हे मामंजींच्या हाताखाली बसले नाहीत. ते एका लुगड्यांच्या दुकानात नोकरीला होते आणि महिन्यातले बरेच दिवस माल आणायला मालेगावला असायचे. घरी असत तेव्हा त्यांना मी दुखणं सांगे. "लवंग धर," म्हणत. लवंग धरून धरून माझ्या गालाचं आतलं कातडं सोललं होतं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्यांनी काही कमी केलं नाही. तुरटीच्या गुळण्या झाल्या, हळद-मीठ झालं, विटेचा शेक झाला. एक दिवस त्यांनी दाढेतली कीड काढणारी बाई आणली. तिनं निखाऱ्यावर रिंगणीच्या बिया टाकल्या, नळीनं धूर माझ्या तोंडात सोडला आणि वाटीतल्या पाण्यात पांढऱ्या बारीक अळ्या दाखवल्या. अळ्या बघून आत्याबाईंचं समाधान झालं. माझी दाढ संध्याकाळी पुन्हा ठणकायला लागली. मी कुणाला सांगितलं नाही. दुखतंय म्हणून सांगायचासुद्धा कंटाळा आला होता.

मग एका सकाळी तोंड उघडेना. बोटभर फट, त्यापुढे नाही. गालाखाली मानेपर्यंत दगडासारखं घट्ट लागत होतं आणि गिळताना डोळ्यांत पाणी येत होतं. आत्याबाई पेज घेऊन बसल्या होत्या. तेवढ्यात मामंजी पाणी प्यायला आत आले. ते आत आले की मी पदर पुढे ओढून भिंतीकडे वळायची. इतक्या वर्षांत ते माझ्याशी थेट बोलल्याचं मला आठवत नव्हतं. काही सांगायचं तर ते आत्याबाईंना सांगत आणि आत्याबाई मला, जरी आम्ही तिघं एकाच खोलीत असलो तरी. ठोक्यांनी त्यांचे कान गेले होते, म्हणून हे सांगणंही सगळ्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं होई.

त्या दिवशी पदर ओढायला मला जरा उशीर झाला. त्यांनी माझी मान पाहिली. तांब्या हातातच राहिला.

"हिला डॉक्टरकडे न्यायचं," ते आत्याबाईंना म्हणाले.

"दाढ उपटली की डोळे जातात म्हणतात. अंगावर पिणारं पोर आहे तिचं," आत्याबाई म्हणाल्या. "आणि तो मालेगावहून येऊ दे तरी."

"काय?"

आत्याबाईंनी ओरडून पुन्हा सांगितलं.

"तो येईल तेव्हा येईल. आजच न्यायचं," मामंजी म्हणाले आणि अंगरखा चढवायला गेले.

मेन रोडला एका माडीवर दातांचे डॉक्टर होते, मुंबईला शिकून आलेले, अजून तरुण. त्यांनी त्या दिवशी दाढेला हात लावला नाही. हिरडीखालचा पू तेवढा काढला, जांभळ्या औषधाच्या गरम गुळण्या दिल्या आणि म्हणाले, "सूज उतरली, तोंड उघडायला लागलं, की लगेच या. बरं वाटलं म्हणून घरी बसू नका. ही दाढ कापूनच काढावी लागेल." कापून हा शब्द मी घरी सांगितला नाही. मामंजींनी तो ऐकला की नाही, ते मला कळलं नाही.

तोंड दोन बोटं उघडायला लागलं तेव्हाही आमचे हे मालेगावलाच होते. पुन्हा मामंजीच निघाले. बाळाला पोटभर पाजून मी आत्याबाईंच्या मांडीवर ठेवलं. टांग्यात मी मागे बसले, ते पुढे टांगेवाल्याशेजारी. मला भीती वाटत होती असं म्हणवत नाही. भ्यायला अंगात काहीतरी त्राण लागतं. एकदाचं काय ते होऊ दे आणि मला कुठेतरी आडवं पडू दे, एवढंच मनात होतं.

माडीवर गेलो तर डॉक्टर एकटेच. त्यांचा कंपाउंडर कुणाच्यातरी लग्नाला गावी गेला होता. त्यांनी माझं तोंड बघितलं, घड्याळ बघितलं, आणि मामंजींकडे वळले.

"आज टाळलं तर पुन्हा सूज येईल. तुम्ही मदत कराल का? मुलीचा जबडा खालून धरावा लागेल."

"काय?"

"जबडा! खालून! धरावा लागेल!"

मी मान खाली घातली. ज्यांच्यासमोर मी डोक्यावरचा पदर कधी पडू दिला नव्हता, ते माझी हनुवटी हातात धरणार होते. मी उठून निघून जावं असं एकदा वाटलं, पण पायऱ्या उतरून पुन्हा त्या दाढेसकट घरी जायचं, या विचारानंच मी बसून राहिले. मला वाटलं मामंजी म्हणतील, ही माझी मुलगी नाही, सून आहे. ते तसं काही म्हणाले नाहीत.

"हात कुठं धुवायचे?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी उग्र वासाचा साबण दिला. मामंजींनी कोपरापर्यंत हात धुतले, मग पुन्हा धुतले. बोटांच्या भेगांतलं काळं काही गेलं नाही. डॉक्टरांनी एक पांढरं फडकं त्यांच्या तळव्यावर टाकलं आणि म्हणाले, "चालेल."

खुर्ची लोखंडी होती, डोकं टेकायला मागे दोन उशा. पदर मागे सरकला तो मी पुन्हा ओढला नाही. डॉक्टरांनी हिरडीत सुई टोचली. थोड्या वेळानं ओठाला मुंग्या आल्या, मग तो अर्धा ओठ माझा राहिलाच नाही. त्यांनी हिरडी कापली ती मला कळली, पण दुखली नाही. रक्ताची चव आली. मामंजींचा हात माझ्या जबड्याखाली होता, फडक्यातूनसुद्धा राठ लागत होता, आणि त्याला साबणाच्या वरताण भांडी उजळायच्या चिंचेचा आणि कोळशाचा वास होता.

मग डॉक्टरांनी एक बारीक छिन्नी उचलली आणि दुसऱ्या हातात एक छोटी हातोडी.

"दाढेवर हाडाची कड आली आहे, ती थोडी काढायची," ते म्हणाले. "बाई, आवाज होईल, घाबरू नका. आणि तुम्ही, खालून वर दाबून धरा! ढिला सोडू नका! नाहीतर जबडा दुखावेल!"

पहिला ठोका बसला. दुखलं असं नाही, पण कवटी आतून वाजली. दुसऱ्या ठोक्याला जबड्याखालचा हात ढिला पडला. मी डोळे उघडले. मामंजी माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, त्या हातोडीकडे बघत होते. ज्या माणसाचा जन्म हातोडीत गेला, त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि ओठ पांढरे पडले होते.

"सावकाश," ते डॉक्टरांना म्हणाले. "सावकाश मारा हो."

"सावकाशच मारतोय. तुम्ही धरा."

"धरलंय."

त्यानंतर हात ढिला पडला नाही. हाड निघालं, पण दाढ निघेना. डॉक्टरांनी तिच्याखाली एक हत्यार सरकवून मुरगळलं तेव्हा सुईचा अंमल जिथवर होता त्याच्याही खाली कुठेतरी कळ उठली आणि मी ओरडले. तोंडात हत्यारं असताना माणूस ओरडतो तसं ते घशातून निघालं, जनावरासारखं. माझे दोन्ही हात मामंजींच्या मनगटाला जाऊन भिडले होते. ते माझं मलाही कळलं नाही.

"झालं, पोरी," मामंजी म्हणाले. "झालं, झालं."

झालं नव्हतं. अजून बराच वेळ गेला. डॉक्टरांनी दाढेचे दोन तुकडे केले आणि एकेक काढला. मामंजी सारखे "झालं" म्हणत राहिले, त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात. मधेच खाली रस्त्यावर कुणाचं तरी तान्हं मूल रडलं आणि माझी छाती भरून आली, चोळीला ओल आली. मला लाज वाटायला हवी होती. मी फक्त मोजत होते, आता बाळ उठलं असेल, आता आत्याबाई त्याला साखरपाण्याचं बोट लावत असतील. शेवटी डॉक्टरांनी काळ्या रेशमाचे टाके घातले, कापसाचा बोळा दाताखाली दिला आणि म्हणाले, "आता खरंच झालं."

मामंजींनी हात काढून घेतला. त्यांच्या मनगटावर माझ्या नखांचे लाल वळ उठले होते. त्यांनी अंगरख्याची बाही खाली ओढली आणि माझा पदर माझ्या डोक्यावर नीट ठेवला.

परतीच्या टांग्यात ते पुढे बसले नाहीत, मागे माझ्याशेजारी बसले, मधे हातभर जागा सोडून. "खड्डे चुकव रे," असं टांगेवाल्याला दोनदा सांगितलं. मग रस्त्याकडे बघत बोलायला लागले. माझ्याशी बोलताहेत हे मला जरा उशिरा कळलं.

"माझी आई दाढेनंच गेली. अशीच मान सुजली होती तिची. सगळे म्हणाले, उतरेल. शेवटी पाणी गिळता येईना. मी तेव्हा भाता ओढायचो. तिच्या उशाशी बसायचं सोडून मला कामावर बसवलं होतं, म्हणून मी आत जाऊन जाऊन बघायचो." मग म्हणाले, "तुझी मान बघितली परवा, तशीच वाटली."

माझ्या तोंडात बोळा होता. मी मान हलवली. टांगेवाला सगळं ऐकत होता, कारण मामंजींचं हळू बोलणंही मोठ्यानंच असे.

घरी बाळ रडून रडून लाल झालं होतं. मी त्याला पाजायला घेतलं आणि आत्याबाईंनी उंबऱ्यातूनच मामंजींना विचारलं, "फार रडली का हो?"

"नाही," मामंजी म्हणाले. "आवाजसुद्धा काढला नाही."

त्यांना माझी किंकाळी खरंच ऐकू गेली नव्हती की त्यांनी माझी बाजू राखली, हे मी कधी विचारलं नाही. ऐकू गेली नसती तर ते "झालं, पोरी" तरी का म्हणाले असते, असं मला वाटतं. पण तोंड बघूनही म्हणाले असतील.

पाजता पाजताच मला झोप लागली. दुसऱ्या दिवशी गाल एवढा सुजला की डोळा बारीक झाला. आत्याबाईंना वाटलं, गेलाच डोळा. तो सूज उतरल्यावर आपोआप उघडला. पेज, रव्याची पातळ खीर, ताक, यावर मी दिवस काढले. हळूहळू घरकामाला लागले, कारण थोरलीला आवरणं आत्याबाईंच्या आवाक्यातलं नव्हतं. पुढच्या खोलीत काम चालूच होतं, एका लग्नाची भांडी द्यायची होती.

टाके काढायला आमच्या ह्यांच्याबरोबर गेले. ते मालेगावहून आले होते, आणि इतकं सगळं होऊन गेलं आणि आपण नव्हतो, म्हणून माझ्याशी जरा जपून बोलत होते. डॉक्टरांनी कात्रीनं कचकन धागे कापले, बोटानं हिरडी दाबून बघितली.

"छान भरतंय. डावीकडचीही येईल कदाचित, लक्ष ठेवा."

"लगेच?" आमच्या ह्यांनी घाबरून विचारलं.

"सांगता येत नाही."

मला हसू आलं, पण गाल अजून ताणत होता. डावीकडची दाढ पुढे सरळ आली आणि तिनं काही त्रास दिला नाही. मामंजी त्यानंतरही मला काही सांगायचं तर आत्याबाईंनाच सांगत राहिले, आणि मीही पदर ओढून भिंतीकडे वळत राहिले. आम्हाला दोघांनाही दुसरं काही करता येत नव्हतं.

टाके काढून आलो त्या दिवशी आत्याबाईंनी बाजरीची भाकरी आणि मेथीची भाजी केली होती. मी उजव्या बाजूनं घास चावून बघितला. जरा हुळहुळलं. मग दुसरा घास घेतला, आणि भाकरी संपेपर्यंत कुणाशी बोलले नाही.