नौशादची लाल पाटी

कुरकुंभला औषधांच्या एका कारखान्यात नवीन कामगार भरती झाले की त्यांना सेफ्टी शिकवायचं काम नौशाद शेखकडं येतं. बोलायला पट्टीचा. पण तो हेल्मेटपासून सुरुवात करत नाही, घरच्या टीव्हीपासून करतो. "नीट बघून घ्या," तो छातीवर हात ठेवून सांगतो, "चालू टीव्ही बंद पाडण्यात आख्ख्या वडगाव रासाईत माझा हात धरणारा कुणी न्हाई." पोरं हसतात. मग तो स्वतःची इतकी यथेच्छ अब्रू काढतो की शेवटच्या बाकावरची पेंगणारी पोरंसुद्धा जागी होतात.

नौशादचं घर भीमेच्या काठी, वडगाव रासाईला. चौफुल्यापर्यंत मोटारसायकल, तिथून कंपनीची बस. कारखान्यात मोटारी आणि विजेची पॅनेलं त्याच्या ताब्यात. तिथला एक नियम त्याच्या अंगात पुरता भिनलेला होता. कुठल्याही यंत्राला हात लावायच्या आधी त्याची वीज बंद करायची, बटणावर आपल्या नावाची लाल पाटी अडकवायची, आणि ज्यानं पाटी लावली त्यानंच काम संपल्यावर ती काढून वीज चालू करायची. दुसऱ्या कुणी, अगदी मोठ्या साहेबानंसुद्धा, त्या पाटीला हात लावायचा नाही. हा नियम नौशादनं घरीही आणला. मिक्सरचं भांडं अडकलं, लाव पाटी. पाण्याची मोटार बिघडली, लाव पाटी. त्याचे वडील चांदभाई एकदा वैतागून म्हणाले होते, "एक दिस माझ्याबी गळ्यात अडकवशील."

पाटीची खरी गरज होती ती रजियाच्या रानात. रजिया त्याची बायको. तिनं आणि शेजारच्या धुरपदाकाकूंनी मिळून शेवंती लावली होती आणि वाफ्यांवर बल्बच्या माळा टांगल्या होत्या. रात्री उजेड ठेवला की शेवंतीला वाटतं दिवस अजून मोठाच आहे, आणि ती फुलायची घाई करत नाही. मग फूल नेमकं सणाच्या तोंडावर काढता येतं. गावानं आधी चेष्टा केली, दोन बायका फुलांना झोपू देईनात म्हणाले. फुलं बघितल्यावर तीच माणसं वायर कुठून आणली विचारायला आली. ही बातमी फिरत फिरत टीव्हीवाल्यांपर्यंत गेली. सरकारी वाहिनीवरच्या शेतीच्या कार्यक्रमासाठी माणसं कॅमेरा घेऊन आली, रजियाशी बोलून गेली. त्या दिवशी नौशाद ड्युटीवर होता. काय बोललीस म्हणून त्यानं विचारलं, तर रजिया म्हणाली, "टीव्हीवर बघा."

कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी लागणार होता. मोबाईलवर चांदभाईंना काही दिसत नसे, आणि घरातल्या जुन्या टीव्हीनं तर पावसाळ्यातच डोळे मिटले होते. धुरपदाकाकू म्हणाल्या, माझ्याकडं या सगळी. पण रजियानं मान हलवली. "मला आपल्या घरात बघायचंय," ती नौशादला एकट्याला म्हणाली. "तुमच्या शेजारी बसून. बाकी कायबी नको मला."

लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं कधी काही मागितलं नव्हतं. नौशाद दुसऱ्याच दिवशी दौंडवरून मोठा टीव्ही घेऊन आला. लावून द्यायला माणूस पाठवतो, असं दुकानदार म्हणाला. नौशादनं त्याच्याकडं दयेनं बघितलं. कारखान्याची पॅनेलं सांभाळणाऱ्याला टीव्ही लावायला माणूस!

टीव्ही लागला. गच्चीवरच्या डिशच्या छत्रीची वायर जोडल्याबरोबर भजनं आली, कुस्ती आली, भोजपुरी गाणी तर इतकी आली की चांदभाईंनी खुर्ची पुढं ओढली. फक्त शेतीची ती वाहिनी नव्हती. वरून खाली, खालून वर, यादीत कुठंच नाही. टीव्हीबरोबर आलेल्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं की एखादी वाहिनी दिसत नसेल तर पुन्हा एकदा शोध घ्या. नौशादनं ते वाचलं आणि सोडून दिलं. इतका सोपा उपाय म्हणजे तो अडाणी माणसांसाठी असणार, असा त्यानं अर्थ लावला.

"छत्रीचा अँगल चुकलाय," त्यानं निकाल दिला. शनिवारी दुपारी जेवण उरकून तो कामाला लागला.

छत्रीच्या तोंडाशी जो डबा असतो, त्याला वीज टीव्हीतूनच वायरीवाटे जाते, आणि ती बंद-चालू करायची सोय टीव्हीच्या सेटिंगमध्ये असते. हे गावात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर सगळ्यांचं भलं झालं असतं. त्यानं नियमाप्रमाणे ती वीज बंद केली. टीव्हीच्या कोपऱ्याला लाल पाटी अडकवली: 'काम चालू आहे. हात लावू नये. नौशाद शेख.' रिमोट पाटीखाली ठेवला आणि पाना घेऊन गच्चीवर गेला. तिथंही त्यानं आधी विटेच्या तुकड्यानं छत्रीच्या खांबावर मूळ जागेची खूण केली. कुठलीही गोष्ट फिरवायच्या आधी खूण करायची, हाही कारखान्याचाच नियम. शिस्तीत कुठंच कमी नव्हती.

मग सुरू झालं ते छत्री फिरवणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक असलेलं कीर्तन. टीव्हीसमोर चांदभाई, अंगणात धुरपदाकाकू, गच्चीवर नौशाद.

"आलं का?" वरून नौशाद.

"चांदभाई, आलं का?" अंगणातून काकू.

"न्हाई!" आतून चांदभाई.

"न्हाई म्हणत्यात!"

छत्री बोटभर उजवीकडं. न्हाई. हातभर डावीकडं. न्हाई. मध्येच आतून आरोळी आली, "आलं! आलं!" नौशादनं आनंदानं पाना टाकला तो पायाच्या अंगठ्यावर. "काय आलं?"

"निळं आलंय! आन् एक पाटी हिकडून तिकडं फिरतीया!"

सिग्नल नाही, असं सांगणारी ती चौकट. चांदभाई बराच वेळ मन लावून तीच बघत होते.

ऊन कललं. एक वाहिनी नव्हती, आता एकही नव्हती. नौशादनं वायरीला दोष दिला, छत्रीला दोष दिला, शेजारच्या लिंबाच्या फांदीला दोष दिला. शेवटी त्यानं ढगांकडं संशयानं बघितलं, तर आभाळ निरभ्र होतं. दोष द्यायला फक्त एकच माणूस उरला होता, पण त्याच्याकडं त्याचं लक्षच गेलं नाही.

रजिया ठेवणीतली साडी नेसून दोनदा जिन्यापर्यंत आली. पहिल्यांदा चहा देऊन गेली. दुसऱ्यांदा म्हणाली, "मी काय करू का? रिमोटवर काय दाबायचं असंल तर..."

"पाटी लावलीय मी!" नौशाद वरून ओरडला. "पाटी असताना हात लावायचा न्हाई म्हंजी न्हाई!"

ती परत गेली. तिच्या पाठीकडं बघत तो पुन्हा ओरडला, "पाच मिनिटं!" दुपारपासून तो हेच सांगत होता.

कार्यक्रमाची वेळ झाली तसा धुरपदाकाकूंचा धीर सुटला. त्यांनी आपला जुना फुगीर टीव्ही वायरीसकट ओट्यावर आणून ठेवला. आळीतली माणसं पोती अंथरून बसली. चांदभाईही काठी टेकत तिकडं निघाले. रजिया मात्र अंगणात थांबली. गच्चीकडं बघत म्हणाली, "चला ना ओ. ऱ्हाऊ द्या आता. तिथंच बसू."

नौशादला खाली यायचं होतं. पण आख्ख्या आळीसमोर हरलेलं तोंड घेऊन काकूंच्या ओट्यावर कसं बसायचं? "तू हो म्होरं," तो म्हणाला. "आलोच."

ती गेली. तो कुठला यायला! छत्रीला मिठी मारून तो तिथंच उभा राहिला. एकदा तर सवयीनं "आलं का?" असंही ओरडला. उत्तर द्यायला खाली कुणीच नव्हतं.

तेवढ्यात ओट्यावरून रजियाचा आवाज आला. चांदभाईंना ऐकू कमी येतं, म्हणून काकूंनी आवाज पूर्ण वाढवला होता. गच्चीवरून पडदा दिसत नव्हता, त्याची पाठ दिसत होती. पण शब्द न् शब्द कानावर पडत होता. आधी रजिया पुस्तकातल्यासारखं बोलली, "आम्ही शेवंतीस प्रकाश देतो." आळी हसली. मग निवेदिकेनं विचारलं की ओल्या रानात विजेच्या माळा, भीती नाही का वाटत? आणि रजिया आपल्या नेहमीच्या बोलीवर आली.

"पहिल्यांदा लई वाटायची. पर आमचे मालक कंपनीत विजेचं काम करत्यात. ते दुसरी पाळी करून मध्यानरातीला येत्यात. जेवायच्या आधी ब्याटरी घेऊन रानात जात्यात आन् सगळ्या माळा तपासून येत्यात. मला सांगत न्हाईत. मला ठाव हाय ते त्यांना ठाव न्हाई. म्हणून मला भीती न्हाई वाटत."

नौशादच्या हातातला पाना हातातच राहिला. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"त्यांनीच शिकवलंय," पलीकडून आवाज येतच होता. "आधी बंद करायचं, पाटी लावायची, मंग हात लावायचा. आन् काम झालं की आठवणीनं चालू करायचं. एकदा मी चालू करायला इसरले, तर आख्खी रात माळा अंधारात. बंद सगळ्यांनाच करता येतं, म्हणत्यात ते. चालू करायचं ध्यानात ठिवणारा खरा मिस्त्री."

खरा मिस्त्री गच्चीवर मटकन खाली बसला. दुपारपासून तो एका मेलेल्या छत्रीला चारी दिशा दाखवत होता. तिचा जीव, म्हणजे वीज, त्यानं स्वतःच काढून घेतला होता, त्यावर स्वतःच्या नावाची पाटी लावली होती, आणि घरातल्या माणसांनी बिचाऱ्यांनी ती पाटी पाळली होती.

त्यानं छत्री खुणेवर परत आणली, खाली धावला, पाटी काढली, वीज चालू केली. मग लाज गिळून पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पुन्हा शोध घेतला. भजनं आली, कुस्ती आली, आणि त्यांच्या मागोमाग शेतीची वाहिनीही हजर. रजियाची मुलाखत संपली होती. मोठ्या झळझळीत पडद्यावर एक डॉक्टर शेळ्यांच्या खुरांबद्दल बोलत होते.

"तर पोरांनो," नौशाद कारखान्यात सांगतो, "नवा टीव्ही घेतला बायकोसाठी, आन् बघितली शेळी. बंद केल्यालं चालू करायला इसरू नका." गोष्ट तो इथंच संपवतो. पोरं टाळ्या वाजवतात.

पुढचं तो सांगत नाही. रजिया घरी आली तेव्हा तो टीव्हीसमोर पाटी हातात घेऊन बसला होता. काय झालं ते त्यानं न लपवता सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. पदर सावरून शेजारी बसली. दोघं शेळ्यांचे खूर बघत राहिले.

"ऐकलं का?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

"ऐकलं." त्याला तिच्याकडं बघवेना. "पर मी रानात जातो ते तुला कसं कळलं? तू तर तवा गाढ झोपल्याली असतीस."

"डोळं मिटून पडल्याली असते," रजिया म्हणाली. "तुम्ही रानातनं परत आल्याबगर मला झोप कुठं लागती?"