दक्षिणेच्या भिंतीवरचा नकाशा

खडूबाईंचं मोठ्या माणसांशी कधी जमलं नाही. लग्न दोन वर्षं टिकलं, भावाशी बोलणं बंद, आणि शाळेत शिक्षकांच्या खोलीत त्या आल्या की लोकांचे चहाचे पेले पटापट रिकामे व्हायचे. तोंडाचा पट्टा असा की समोरचा सोलूनच निघायचा. जमलं ते फक्त दुसरीच्या मुलांशी. तेवीस वर्षं त्यांनी दुसरीचाच वर्ग मागून घेतला होता आणि तो सोडला तर आपलं म्हणावं असं त्यांच्याकडे काही नव्हतं. हे त्यांना ठाऊक होतं. वाईट एवढंच, की मुख्याध्यापकालाही ठाऊक होतं.

दिशा शिकवताना त्या फरशीभर खडूच्या रेघा ओढायच्या, म्हणून हे नाव पडलं. पद्धत साधी, पण पक्की. सकाळी मुलांना अंगणात नेऊन सूर्याकडे तोंड करून उभं करायचं. मग वर्गात येऊन फरशीवर उत्तरेचा बाण काढायचा, नकाशा जमिनीवर पसरायचा आणि बाणाशी जुळेपर्यंत फिरवायचा. जुळल्याशिवाय वाचायचा नाही. मुलं गुडघ्यांवर रांगत नकाशा वाचायची, आणि आठवड्याभरात दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंतचा नकाशा स्वतः काढून, कागद फिरवत फिरवत टाकीशी पोचायची. "उत्तर वर असते" असं एखादं बोललंच, तर बाई म्हणायच्या, वर छत असतं, पाल असते, उत्तर नसते.

आताचा मुख्याध्यापक एकेकाळी त्यांच्याच हाताखाली शिकायला आलेला उमेदवार. तेव्हा भर वर्गात, मुलांसमोर, बाईंनी त्याची चूक काढली होती. तो विसरला नव्हता. खुर्ची मिळाल्यापासून तो उंटावरून शेळ्या हाकायचा आणि बाईंच्या वर्गापाशी आला की जरा जास्तच जोरात हाकायचा. यंदा नवी फरशी बसली, त्यात तपासणी जवळ आली. त्याने हुकूम काढला की फरशीला खडू लागता कामा नये आणि नकाशा फळ्याशेजारी भिंतीवर टांगायचा.

फळा होता दक्षिणेच्या भिंतीवर. तिथे नकाशा टांगला की बघणाऱ्याचं तोंड दक्षिणेला, नकाशातली पूर्व उजवीकडे, आणि खरी पूर्व डावीकडे, खिडकीत. बाईंनी हे त्याला हातवारे करून समजावलं. त्याला कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

"नकाशा भिंतीवरच शोभतो, बाई," तो म्हणाला. "तपासणीत मुलं अडखळली, तर लायब्ररी सांभाळायला माणूस हवाच आहे मला."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. ठीक आहे, म्हणाल्या, तुमच्या मनासारखं होऊ दे. तपासनीस पूर्व विचारेल, चाळीस हात पश्चिमेला जातील, मग बाई उठून कुणाच्या हुकमाने हे झालं ते सांगतील आणि साहेबांचं तोंड बघण्यासारखं होईल. यंदा मुलांना त्यांनी अंगणात नेलंच नाही. पूर्व कुठे? नकाशाच्या उजवीकडे. हात करा. चाळीस हात पश्चिमेच्या दाराकडे जायचे आणि बाईंना आतून गुदगुल्या व्हायच्या. आपण पाप करतोय हे कळत होतं, पण रागाची चव एकदा लागली की सुटत नाही.

तिसऱ्या बाकावरची गवंड्याची मुलगी मात्र एकदा डोळे बारीक करून उभी राहिली.

"बाई, पण ऊन तर इकडून येतं."

हेच वाक्य ऐकायला बाईंनी तेवीस वर्षं घसा फोडला होता. मग म्हणाल्या, नकाशात बघ, जास्त शहाणपणा नको. वर्ग खदखदून हसला. मुलगी खाली बसली. त्या दिवशी बाईंचा डबा तसाच घरी परत गेला.

तपासनीस सकाळीच आला, घड्याळ बघतच. त्याने पूर्व विचारली. हात दाराकडे गेले. बाई मुख्याध्यापकाचं तोंड पडण्याची वाट बघत राहिल्या. तपासनिसाने नकाशाकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं आणि म्हणाला, छान, अगदी बरोबर. खिडकीतलं ऊन त्याच्या कानावर पडलं होतं, पण पठ्ठ्याने मान वळवली नाही. मुख्याध्यापक फुलून गेला. बाईंचा वर्ग वाचला होता.

एकच हात खिडकीकडे होता, गवंड्याच्या मुलीचा.

"ही कच्ची दिसते," तपासनीस म्हणाला. असतं एखादं, मुख्याध्यापक हसला. तपासनिसाने तिचं नाव विचारून पुढे 'अप्रगत' लिहायला घेतलं. मुलगी बाईंकडे बघत होती.

मूग गिळून बसल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं.

"तिचंच बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांना मी चुकीचं शिकवलं. जाणूनबुजून. या सरांची फजिती व्हावी म्हणून."

तपासनिसाने आत्ता कुठे खिडकीकडे पाहिलं आणि लिहिलेलं खोडलं. मुख्याध्यापक हळूच म्हणाला, उद्यापासून लायब्ररीची किल्ली घ्या. ते बाईंना अपेक्षित होतं.

दोघे गेल्यावर त्या तिसऱ्या बाकापाशी गेल्या, वाकल्या आणि मुलीला म्हणाल्या, त्या दिवशीही तुझंच बरोबर होतं.

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"हो."

मुलीने दप्तर उचललं आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकून बसली.